संगीताचा तास गणिताला द्यावा का?

आदरणीय बाई,

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात आमची सरकारी मराठी शाळा आहे, पहिली ते सातवी. माझी मुलगी सहावीत आहे आणि मी शाळेच्या एसडीएमसीवर, म्हणजे पालकांच्या शाळा समितीवर, सदस्य आहे. गेली काही वर्षं माजी विद्यार्थी वर्गणी काढून एका संगीत शिक्षकांना मानधन देतात. ते मंगळवारी आणि शुक्रवारी शेवटच्या तासाला येतात. यंदा मुख्याध्यापकांनी सुचवलंय की हे दोन तास गणित आणि कन्नडला द्यावेत. त्यांचंही खोटं नाही. सहावीतल्या निम्म्या मुलांना दोन अंकी भागाकार येत नाही, आणि हायस्कूलला गेली की पोरं कन्नडात अडतात. बाकीचे पालक लगेच हो म्हणाले. मी गप्प बसले. ‘पोरांना भागाकार येईना आणि ही गाण्याचं काय घेऊन बसलीय’ असं कुणी म्हणेल, याची लाज वाटली. घरी यजमान म्हणतात, ‘तिला आवड आहे तर बेळगावला क्लास लाव की, शाळेशी कशाला भांडतेस? आणि गाऊन कुणाचं पोट भरलंय?’ व्हॉट्सॲपवर एक मेसेज आलाय की संगीत शिकणाऱ्या मुलांचं गणित सुधारतं. तो बैठकीत वाचून दाखवू का? पुढच्या आठवड्यात बैठक आहे. काय बोलू ते सांगा.

— एक आई, खानापूर तालुका

ताई,

आधी त्या मेसेजचं बघू. तो बैठकीत वाचू नका.

त्याचं मूळ मला ठाऊक आहे, कारण फिरत फिरत तो माझ्याकडेही येतो. १९९३ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातल्या तीन संशोधकांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक छोटं टिपण छापलं. कॉलेजच्या ३६ मुलांना दहा मिनिटं मोझार्टची रचना ऐकवली आणि मग कागदाच्या घड्या घालून कापल्यावर आकार कसा दिसेल, अशा तऱ्हेची कोडी सोडवायला दिली. मुलांनी ती जरा बरी सोडवली. हा परिणाम टिकला जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. त्यात शाळकरी मुलं नव्हती, गणित नव्हतं, आणि कुणी संगीत शिकतही नव्हतं. नुसतं ऐकत होते. पण वर्तमानपत्रांनी त्याचं असं काही केलं, की पाच वर्षांनी तिथल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची सीडी द्यायचा प्रस्ताव मांडला! पुढे खरोखर संगीत शिकणाऱ्या मुलांवर बरेच अभ्यास झाले. २०२० मध्ये दोन संशोधकांनी अशा ५४ अभ्यासांचा, म्हणजे जवळपास सात हजार मुलांचा, एकत्र हिशोब मांडला. अभ्यास जितका काटेकोर, तितका बुद्धीवर आणि मार्कांवरचा परिणाम शून्याच्या जवळ, असं त्यात निघालं.

उद्या तुम्ही मेसेज वाचलात, मुख्याध्यापक म्हणाले ‘बरं, एक वर्ष बघू’, आणि मार्चमध्ये भागाकार होता तिथंच राहिला, तर काय कराल? संगीताचा तास तुमच्याच शब्दावर जाईल. संगीतानं गणिताच्या ओंजळीनं पाणी पिऊ नये. भूगोल शिकवला की मराठीचं शुद्धलेखन सुधारतं का, असं आपण कुठं विचारतो?

मग बोलायचं काय? ते ठरवायच्या आधी एक काम करा. येत्या शुक्रवारी शेवटच्या तासाला शाळेत जा आणि मागच्या बाकावर बसा. त्या चाळीस मिनिटांत तिथं नक्की काय चालतं, ते बघा.

हे मी मुद्दाम सांगतेय. शाळेतल्या संगीताच्या तासाची बदनामी व्हायला आम्ही संगीतवालेही जबाबदार आहोत. कितीतरी शाळांत संगीत म्हणजे ईशस्तवन, स्वागतगीत आणि गॅदरिंगचा नाच. गळ्यानं बऱ्या पाच-सहा मुली निवडायच्या, त्यांनाच घासून घासून तयार करायचं, आणि बीईओ साहेब (गटशिक्षणाधिकारी) आले की उभं करायचं. बाकीची पोरं मागं वह्या रंगवत बसतात. एखादा बेसूर मुलगा हौसेनं गायला लागला की त्याला सांगायचं, ‘तू नुसते ओठ हलव.’ असं सांगितलं गेलेली माणसं मला पन्नाशीत भेटतात, अन् अजून चारचौघांत आरती म्हणायला लाजतात. तुमच्या शाळेत असलाच प्रकार चालत असेल, तर मुख्याध्यापकांचं काही चुकत नाही. तो तास गणिताला गेला तरी तीस मुलांचं काहीच बुडत नाही. अशा वेळी तास वाचवायच्या आधी तो सुधारायला हवा, आणि ते त्या शिक्षकांशी नीट बोलून होतं.

पण समजा तास खरा आहे. तर तुम्हाला तिथं काय दिसेल?

शिक्षक पेटीवर सा धरतील. मुलं पहिल्यांदा ओरडतील, कारण एकत्र गायचं म्हणजे मोठ्यानं गायचं, असंच मुलांना वाटतं. चांगला शिक्षक सांगतो, ‘शेजारच्याचा आवाज ऐकू येईल इतकंच गा.’ वर्ग एकदम उतरतो, आणि त्या कमी आवाजात पहिल्यांदा कळतं की कोण कुठं आहे. मग भूपातली एखादी सोपी ओळ, सा रे ग प ध एवढ्या पाच सुरांतली. दोनदा पेटीबरोबर म्हणून झाली की शिक्षक भाता सोडून देतात आणि म्हणतात, आता तुमचं तुम्ही. मुलं चार-पाच आवर्तनं म्हणतात. शेवटी शिक्षक पुन्हा सा दाबतात, आणि बहुतेक वेळा वर्ग अर्धा सूर खाली घसरलेला असतो. सगळी पोरं हसतात, कारण ते त्यांनाच ऐकू येतं, कुणी तांबडी शाई मारायला लागत नाही. दुसऱ्या खेपेला तीच पोरं एकमेकांकडं बघत, कान देऊन, सूर धरून ठेवायची धडपड करतात. ही जी धडपड आहे ना, आपला आवाज काढत असतानाच दुसऱ्याचा ऐकायचा आणि दोन्ही मिळून एका जागी ठेवायचे, ती दुसऱ्या कुठल्या तासाला होते? गणितात शेजाऱ्याचं बघितलं तर छडी बसते.

तालाचंही तसंच. त्रितालाच्या सोळा मात्रा हातावर मोजायच्या: पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला ‘खाली’, म्हणजे तिथं टाळी द्यायची नाही. नववी आली की निम्मा वर्ग हटकून टाळी देतो! खालीच्या जागी हात थांबवणं अकरा वर्षांच्या पोराला किती अवघड जातं, ते बघण्यासारखं असतं. आठवडाभर ती खाली जमली की पोरं मधल्या सुट्टीत एकमेकांची परीक्षा घेतात. सहावी-सातवीत ज्या मुलांचा आवाज फुटायला लागलाय, त्यांना तर तालात बसवणं हाच उपाय. नाहीतर ती कायमची गाण्यातून उठतात.

तुमच्याकडं आणखी एक आयती सोय असणार. खानापूर तालुक्यात भजनी मंडळ नाही असं गाव शोधावं लागेल. एकादशीला टाळ घेऊन बसणाऱ्या घरातल्या पोरांना हरिपाठाची चाल पाठ असते, भजनी ठेका हातात असतो; फक्त याला ‘संगीत’ म्हणतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. पखवाज वाजवणाऱ्या एखाद्या आजोबांना महिन्यातनं एकदा शाळेत बोलवा. फुकट येतील, आणि फेटा बांधून येतील.

आता यजमानांचं म्हणणं. गाऊन कुणाचं पोट भरलंय, यावर मी वाद घालणार नाही. बहुतेकांचं भरत नाही. पण शाळेत संगीत गायक काढण्यासाठी ठेवायचं असतं, हे कुणी सांगितलं? बैठकीत कुणीतरी नक्की उठेल आणि म्हणेल, ‘आपल्या मातीत कुमार गंधर्व जन्मले!’ जन्मले की. १९२४ साली, बेळगावजवळच्या सुळेभावीत. लहानपणीच मैफली गाजवल्या, ‘कुमार गंधर्व’ ही पदवीही पोरवयातच मिळाली, आणि पुढं मुंबईला देवधर मास्तरांकडं शिकले. धारवाडजवळच्या मन्सूर गावचे मल्लिकार्जुन मन्सूर मिरजेच्या नीळकंठबुवांकडं घडले. अशी पोरं शाळेच्या चाळीस मिनिटांवर अवलंबून नसतात. वाट काढतात, घर सोडतात, गुरू शोधतात. त्यांची नावं घेऊन शाळेचा तास मागणं म्हणजे वकीलपत्र चुकीच्या माणसाचं घेण्यासारखं आहे.

नाव घ्यायचंच तर विष्णु दिगंबर पलुसकरांचं घ्या. तेही आपल्या मुलखातले, कुरुंदवाडचे. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं शिकले, तेव्हाच्या पद्धतीनं, म्हणजे गुरूच्या घरी राहून, पडेल ती सेवा करून. ज्याला असं घर मिळालं नाही, गुरूची मर्जी लाभली नाही, त्याला विद्या बंद. १९०१ साली याच माणसानं लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडलं. वर्ग, वेळापत्रक, क्रमिक पुस्तकं, परीक्षा, सगळं शाळेसारखं. घरंदाज बुवांनी नाकं मुरडली, आणि वर्गात बसवून कुणी तानसेन होत नाही, हे त्यांचं म्हणणं खरंही होतं. पण चार चांगल्या घरच्या माणसांनी गाणं ऐकावं, शिकावं, त्यात कमीपणा मानू नये, ही गोष्ट त्या वर्गांमुळं झाली. आज गावोगावच्या क्लासांत ज्या परीक्षा होतात, त्यांची परंपरा तिथलीच आहे.

म्हणून ‘क्लास लाव, शाळेशी भांडू नकोस’ या सल्ल्यातली अडचण बघा. तुमची मुलगी एसटीनं बेळगावला जाईल. फी तुम्ही भराल, शनिवारी नेणं-आणणंही कसंतरी जमवाल. तिच्या वर्गातली जी मुलगी शाळा सुटल्यावर म्हशीला चारा घालायला पळते, जिचा बाप गोव्याला कामाला आहे, तिच्या आयुष्यात कुणीतरी पेटी घेऊन समोर बसण्याची वेळ फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी येते. शाळेनं तास काढला तर तुमच्या मुलीचं थोडंच जाईल, त्या मुलीचं सगळंच जाईल. एसडीएमसीवर तुम्ही एकट्या आपल्या मुलीसाठी बसलेला नाही, तिच्यासाठीही बसलाय. लाज वाटायचं कारण उरलं का?

भागाकाराचं दुखणं मात्र खरं आहे, आणि ते झटकून टाकाल तर कुणी तुमचं ऐकणार नाही. उलट बैठकीत पहिलं बोलणं भागाकाराचंच करा. विचारा, ज्या निम्म्या मुलांना येत नाही त्यांना नेमकं काय येत नाही? माझ्या अनुभवात सहावीत अडलेलं पोर बहुतेक वेळा पाढ्यांत नाहीतर हातच्याच्या वजाबाकीत अडलेलं असतं. त्याला सहावीचाच भागाकार आठवड्यात आणखी एकदा फळ्यावर दाखवून उपयोग होत नाही. तिसरी-चौथीपासून उचलावं लागतं, तेही लहान गटात. आणि ज्या निम्म्यांना येतं, त्यांना तो जादा तास कशाला? म्हणजे सगळ्या वर्गाचं गाणं काढून निम्म्या वर्गाला नको असलेलं गणित द्यायचं, असा तो हिशोब होतो. त्यापेक्षा अडलेल्या मुलांना शाळा भरायच्या आधी अर्धा तास बसवा. गावात डिग्री झालेली, घरी असलेली एखादी मुलगी असेल, तिला विनंती करा. माजी विद्यार्थी संगीतासाठी वर्गणी काढतात, तर यासाठीही थोडी काढतील. हे ठोस घेऊन गेलात की मुख्याध्यापक तुमच्याकडं अडवणूक करणारी बाई म्हणून बघणार नाहीत.

त्यांना बैठकीच्या आधी एकटं गाठा, हेही महत्त्वाचं. सगळ्या पालकांसमोर त्यांना मागं हटायला लावू नका. वरून निकाल मागितला जातो तो त्यांच्याकडं, तुमच्याकडं नव्हे.

नियमांचं म्हणाल तर थोडक्यात सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन शिक्षकाची तरतूद आहे, पण सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तरच. तुमच्या गावच्या शाळेत तो असेलसं वाटत नाही, तेव्हा त्यावर विसंबू नका. पण शाळा विकास आराखडा पालकांच्या समितीनं करायचा, हे त्याच कायद्याच्या २२ व्या कलमात आहे, आणि कर्नाटकात ती समिती म्हणजे तुमची एसडीएमसी. त्या आराखड्यात संगीताचा तास लिहून घ्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कला म्हणजे अभ्यासाबाहेरचं काहीतरी, असा भेद ठेवू नये असं म्हटलंय. कुणी ‘हे जादा आहे’ म्हणालं तर तेवढं ध्यानात असू द्या. ठराव झाला की इतिवृत्तात आला का, ते स्वतः वाचून मगच सही करा. तोंडी ठरलेल्या गोष्टी मुख्याध्यापक बदलले की जातात.

राहिलं कन्नड. तिथं मी थोडी तडजोड सुचवते. संगीतानं दुसऱ्या विषयाची चाकरी करू नये, असं वर म्हटलं आणि आता स्वतःच पळवाट काढतेय, असं वाटेल, वाटू दे. मंगळवारचा तास महिन्यातनं एकदा कन्नडच्या शिक्षकांनी आणि संगीताच्या शिक्षकांनी मिळून घ्यावा. आपल्या पोरांचं कन्नड अडतं ते निम्मं कानामुळं. कन्नडात ऱ्हस्व आणि दीर्घ ए वेगळे, ऱ्हस्व आणि दीर्घ ओ वेगळे. मराठी कानाला तो फरक लागतच नाही, म्हणून पोरं वाचतात ते ऐकणाऱ्याला भलतंच वाटतं. गाण्यात अक्षर किती मात्रा धरायचं हे ठरलेलं असतं, त्यामुळं लांबी आपोआप जिभेवर बसते. रोज सकाळी नाडगीत, म्हणजे कर्नाटकाचं राज्यगीत, म्हणतातच की पोरं. पण अर्थ न कळता, उच्चार गिळून. तेच एकदा ओळ ओळ सोडवून शिकवा. बसवेश्वरांची वचनं आहेत, पुरंदरदासांसारख्या दासांची पदं आहेत. आणि ‘मराठी शाळेत कन्नड गाणी कशाला’ असं कुणी म्हणालं, तर फार ताणू नका. गदगमध्ये वाढलेले भीमसेन जोशी अभंग गायचे आणि कन्नड दासवाणीही गायचे. दोन्हीकडच्या लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. सीमेचा खटला कोर्टात चालू दे. प्रतिभा कारंजी या शाळांच्या कलास्पर्धेत कन्नड भक्तिगीत म्हणणारी मराठी शाळेतली पोर पहिली आली तर आनंद तिच्या घरच्यांनाच होणार.

आता तुमच्या मुलीचा क्लास. तिला खरंच आवड असेल तर जरूर लावा. यजमानांचं तेवढं बरोबर आहे. शाळेत पस्तीस मुलांत जे मिळत नाही, गळ्याकडं एकट्याचं लक्ष, ते क्लासात मिळतं. फक्त क्लास निवडताना नाव आणि बोर्ड बघू नका, एक दिवस जाऊन बसा. मुलं तानपुऱ्यावर गातात की नुसती पेटीच्या आधारानं? मोबाईलवरचा तानपुरा असला तरी चालेल, पण असावा. पेटी प्रत्येक सूर हातात आणून देते, मग कान आळशी होतो. शिक्षक स्वतः गाऊन दाखवतात की वहीत स्वर लिहून देतात? मुलगी चुकली तर थांबून पुन्हा ऐकवतात, की ‘घरी सराव करून ये’ म्हणून पुढं जातात? प्रारंभिक, प्रवेशिका या परीक्षांना माझा विरोध नाही, त्यांनी शिस्त लागते. पण पहिल्याच महिन्यात परीक्षेचा फॉर्म पुढं करणारा क्लास असेल, तर दुसरा बघा.